तंजावूर शहरात बसने फिरताना: मोफत प्रवास कोणत्या बसमध्ये, कोणत्या बसमध्ये नाही

तंजावूरच्या राजवाड्याभोवतीच्या चार वीद्या पायी फिरण्यासाठीच वसल्या आहेत. कीळ राज वीदीवरून निघालात तर बाजार, देवळे, सरस्वती महाल ग्रंथालय, सारे चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अडचण सुरू होते ती सरकारी कामासाठी घराबाहेर पडल्यावर. कलेक्टर कचेरी तिरुची रस्त्यावर गेली. नवे बस स्थानक शहराच्या नैऋत्येला आहे. वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालयही जुन्या शहराबाहेर आहे. या नव्या जागा रुंद रस्त्यांवर आहेत आणि त्या आखल्या गेल्या गाडी किंवा दुचाकी असणाऱ्यांच्या सोयीने. ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याला रिक्षा करावी लागते, आणि वृद्धापकाळ पेन्शनच्या महिना १२०० रुपयांतून रिक्षाच्या दोन-तीन फेऱ्या गेल्या की औषधांचे पैसे कमी पडतात.

या शहरात फिरण्यासाठी महिलांना, दिव्यांगांना आणि तृतीयपंथी व्यक्तींना सरकारी टाउन बस मोफत आहे. तरीही अनेक जण चुकीच्या बसमध्ये चढून तिकिटाचे पैसे भरतात, किंवा योग्य बस समोरून जात असताना ओळखता न आल्याने रिक्षा करतात. म्हणून योजनेच्या फायद्यापेक्षा बस ओळखण्याबद्दलच या लेखात अधिक सांगितले आहे.

योजना काय आहे?

तमिळनाडू शासनाने ७ मे २०२१ रोजी आदेश काढला आणि ८ मे २०२१ पासून राज्य परिवहन महामंडळांच्या साध्या भाड्याच्या टाउन बसमध्ये सर्व महिलांचा प्रवास मोफत झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तृतीयपंथी व्यक्ती, दिव्यांग व्यक्ती आणि दिव्यांगांसोबतचा एक मदतनीस यांनाही ही सवलत मिळाली. योजनेचे आताचे नाव 'मगळिर विडियल पयणम' असे आहे. मगळिर म्हणजे महिला, विडियल म्हणजे पहाट आणि पयणम म्हणजे प्रवास.

महिलांनी यासाठी कोठेही अर्ज करायचा नाही. कार्ड काढायचे नाही, नोंदणी नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. वयाची अट नाही आणि दिवसाला किती फेऱ्या करायच्या याचीही मर्यादा नाही. एका ठिकाणी पोहोचायला दोन टाउन बस बदलाव्या लागल्या तर दोन्हींमध्ये प्रवास मोफतच असतो. रेशन कार्ड कोणत्या रंगाचे आहे, कलैञर मगळिर उरिमै योजनेचे महिना १००० रुपये मिळतात की नाही, याचा या सवलतीशी संबंध नाही. 'ते पैसे मिळतात म्हणून बस मोफत नाही' असे कोणी सांगितले तर ते खरे नाही.

राज्य नियोजन आयोगाच्या अभ्यासात या योजनेमुळे एका महिलेची महिन्याला सरासरी ८८८ रुपयांची बचत होते असे आढळले. पेन्शनच्या रकमेशेजारी हा आकडा ठेवून पाहा.

कोणती बस मोफत आहे?

आपल्या भागात सरकारी बस चालवते ते तमिळनाडू राज्य परिवहन महामंडळ, कुंभकोणम. जुन्या लोकांना हेच महामंडळ १९७२ साली सुरू झालेली चोळन म्हणून आठवत असेल. मोफत प्रवास लागू आहे तो या महामंडळाच्या साध्या टाउन बसमध्ये. लांब पल्ल्याची बस त्याच महामंडळाची असली तरी तिच्यात ही सवलत नाही, आणि घोटाळा नेमका येथेच होतो.

तंजावूरच्या रस्त्यांवर तीन प्रकारच्या बस एकाच थांब्यावर थांबतात. पहिली सरकारी टाउन बस. ती शहरात आणि जवळच्या गावांपर्यंत जाते आणि सगळ्या थांब्यांवर थांबते. तिच्यात महिलांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत. दुसरी सरकारी मुफसल बस. ती तिरुची, कुंभकोणम, पट्टुकोट्टै अशा दूरच्या गावांना जाते. तिच्यात महिलांना पूर्ण तिकीट आहे, मग आपण दोन थांब्यांपुरत्याच बसलात तरी. तिसरी खासगी बस. आपल्या जिल्ह्यात खासगी बस पुष्कळ आहेत, त्या वेळेवर येतात, गाणी लावतात, थांब्यावर हाका मारून बोलावतात. पण त्यांच्यात ही योजना चालत नाही. लहान मिनी बसही खासगी मालकांच्या असतात. राज्याची नवी मिनी बस योजना जून २०२५ मध्ये तंजावूरमध्येच सुरू झाली, त्यामुळे 'ही सरकारी योजनेची बस आहे, म्हणजे मोफत असणार' असा अनेकांचा समज होतो. मिनी बस ज्या गल्ल्यांत मोठी बस जात नाही तेथवर नेते, हा तिचा उपयोग खरा आहे. मात्र तिचे तिकीट सगळ्यांनाच काढावे लागते.

बस ओळखायची कशी? मोफत प्रवासाच्या बसवर तमिळमध्ये 'मगळिर' आणि 'कट्टणमिल्ला', म्हणजे महिला आणि भाडे नाही, असे शब्द असलेली सूचना लावलेली असते. ती वाचता आली नाही किंवा गर्दीत दिसली नाही, तर चढण्यापूर्वी कंडक्टरला विचारा: 'लेडीज फ्री बसा?' तंजावूरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या घरांत तमिळ कोणाला शिकवायला नको. हे वाक्य पुण्याहून, नागपूरहून आलेल्या पाहुण्यांसाठी. विचारण्यात संकोच नको. चढल्यावर कळले की बस मुफसल आहे, तर तिकीट काढावे लागेल किंवा पुढच्या थांब्यावर उतरावे लागेल.

तिरुवैयारूला जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. त्या रस्त्यावर टाउन बसही आहेत आणि त्याच वाटेने पुढे दूर जाणाऱ्या बसही. आधी आलेली बस पकडण्याची सवय असते, पण थोडे थांबून टाउन बस घेतली तर जाणे-येणे दोन्ही मोफत होते. घाई असेल तेव्हा पैसे भरून जावे, ते आपण जाणूनबुजून करत असलो म्हणजे झाले.

मोफत असले तरी तिकीट घ्या

कंडक्टर आपल्याला शून्य रुपयांचे तिकीट देतो. ते मागून घ्या आणि उतरेपर्यंत जपून ठेवा. तपासनीस आला तर तो तिकीट पाहणार. शिवाय महिलांनी किती फेऱ्या केल्या याची मोजणी या तिकिटांवरूनच होते, आणि या प्रवासाची भरपाई शासन महामंडळाला देते. आपल्या आसनाचे पैसे कोणी देत नाही असे मुळीच नाही, ते शासनाच्या तिजोरीतून जातात. त्यामुळे बसमध्ये कोणी 'ओसी' म्हणजे फुकट असा शब्द टाकून बोलले, तर मान खाली घालण्याचे कारण नाही. ज्या मार्गावर शून्य तिकिटे भरपूर निघतात त्या मार्गावर महिला प्रवास करतात हे कागदावर दिसते. तिकीट न घेता बसणाऱ्या महिलेची फेरी मात्र कोठेच मोजली जात नाही.

आसनांबद्दलही थोडे. मोफत तिकीट घेतलेल्या महिलेने उभेच राहावे असा कोणताही नियम नाही. महिलांसाठी राखीव आसने आपलीच आहेत.

राजवाड्यापासून कोठे कसे जाल?

राजवाडा परिसरातून बहुतेक प्रवासाची सुरुवात जुन्या बस स्थानकापासून करावी. राजवाड्यापासून दक्षिणेकडे चालत ते सुमारे पंधरा-वीस मिनिटांवर आहे. टाउन बस तेथूनच सुटतात, त्यामुळे बसायला जागा मिळण्याची शक्यता वाटेतल्या थांब्यापेक्षा अधिक असते. गुडघे दुखणाऱ्यांनी एवढा विचार जरूर करावा: मधल्या थांब्यावर गर्दीच्या बसच्या उंच पायऱ्या चढण्यापेक्षा स्थानकावर उभ्या असलेल्या बसमध्ये सावकाश चढणे सोपे जाते.

राजा मिरासुदार रुग्णालय जुन्या बस स्थानकाजवळच आहे. राजे आणि मिरासदार यांच्या नावाचे हे सरकारी रुग्णालय आजही बाळंतपणासाठी आणि स्त्रियांच्या उपचारांसाठी जिल्हाभरातून येणाऱ्यांचा आधार आहे. राजवाड्याकडून येथे यायला बसची गरज बहुधा पडत नाही. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय मात्र वेगळे आहे आणि दूर आहे. चिठ्ठीवर कोणते रुग्णालय लिहिले आहे ते घरातून निघण्यापूर्वी नीट वाचा. 'जी.एच.' एवढेच सांगितले तर लोक वेगवेगळ्या रुग्णालयांचा रस्ता दाखवतात. जुन्या बस स्थानकावर 'मेडिकल कॉलेज' अशी पाटी असलेली टाउन बस पाहा, किंवा तेच शब्द उच्चारून विचारा.

नव्या बस स्थानकाला तमिळमध्ये 'पुदु बस स्टँड' आणि जुन्याला 'पळैय बस स्टँड' म्हणतात. दूरच्या गावांच्या बस बहुतेक नव्या स्थानकावरून सुटतात. दोन्ही स्थानकांच्या दरम्यान टाउन बस वारंवार धावतात. बाहेरगावी निघालेल्या महिलेला घरापासून नव्या स्थानकापर्यंतचा टप्पा मोफत पार करता येतो आणि पुढच्या प्रवासाचेच तिकीट काढावे लागते. बाहेरगावाहून परतताना अनेक जण नव्या स्थानकावर उतरून थकव्याने थेट रिक्षा करतात. सामान थोडे असेल आणि दिवसाची वेळ असेल, तर आवारातच टाउन बस उभी असते.

रेल्वे स्थानक जुन्या बस स्थानकाच्या दक्षिणेला, गांधीजी रोडने कालव्यावरचा आत्तुपालम ओलांडला की येते. कुंभकोणम किंवा तिरुचीला जायचे असेल तर साध्या पॅसेंजर गाडीचा विचार करावा, किमान भाडे १० रुपये आहे आणि पुरुषांनाही ते परवडते. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत मार्च २०२० पासून थांबवलेली आहे, तिच्या भरवशावर खिडकीवर वाद घालू नये.

पेरिय कोविल, म्हणजे बृहदीश्वराचे देऊळ, राजवाड्यापासून चालत अर्ध्या तासाच्या आत गाठता येते. पाहुण्यांना तेथे नेलेत तर भिंतीवरचा भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा मराठी शिलालेख दाखवायला विसरू नका, तो सरफोजी राजांच्या काळात १८०३ साली कोरला गेला.

सोमवारी कलेक्टर कचेरीत जाताना

पेन्शन थांबली, अर्ज फेटाळला गेला, पट्ट्याचे काम अडले, अशा वेळी लोक सोमवारच्या तक्रार निवारण दिवसाला कलेक्टर कचेरीत जातात. राजवाडा परिसरातल्या वयस्कर लाभार्थींना सर्वांत महाग पडतो तो हाच फेरा.

पहिली गोष्ट म्हणजे जुनी कलेक्टर कचेरी आणि नवी कलेक्टर कचेरी यांत गोंधळ होऊ देऊ नका. कोर्ट रोडवरच्या जुन्या कचेरीच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. रिक्षावाल्याला किंवा वाटेतल्या माणसाला नुसते 'कलेक्टर ऑफिस' म्हटले आणि तुम्ही वयस्कर दिसलात, तर तो जुन्या जागेचाच रस्ता दाखवण्याची शक्यता आहे. 'तिरुची रोडचे नवे कलेक्टर ऑफिस' असे स्पष्ट सांगा.

दुसरी गोष्ट, जाणे खरेच गरजेचे आहे का ते पाहा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि इतर अनेक प्रमाणपत्रांचे अर्ज ई-सेवै केंद्रावर करता येतात. वृद्धापकाळ पेन्शनचा विषय आधी तालुका कचेरीतल्या सामाजिक सुरक्षा विभागात विचारावा. तेथे काम झाले नाही, किंवा उत्तरच मिळाले नाही, तर मग सोमवारचा फेरा करा आणि तालुका कचेरीत दिलेल्या अर्जाची पोच सोबत न्या. पोच नसली की पुन्हा खालच्या कचेरीकडे पाठवले जाते आणि एक पूर्ण दिवस वाया जातो.

जायचे ठरलेच तर जुन्या बस स्थानकावरून तिरुची रस्त्याच्या दिशेची टाउन बस घ्या आणि चढतानाच कंडक्टरला 'कलेक्टर ऑफिस' थांबा सांगून ठेवा. सोमवारी सकाळी शाळा, महाविद्यालये आणि कचेऱ्यांची गर्दी एकाच वेळी असते, म्हणून शाळेच्या वेळेआधीची बस पकडणे बरे. उतरल्यावर रुंद रस्ता ओलांडावा लागू शकतो. तेथे गाड्या वेगाने येतात, तेव्हा एकट्याने घाई न करता इतर प्रवाशांबरोबर ओलांडा. परतताना बस रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला मिळते, हे साधे वाटते, पण उन्हात चुकीच्या बाजूला अर्धा तास उभे राहणारे कमी नाहीत. पाण्याची बाटली आणि छत्री सोबत असू द्या.

दिव्यांग, मुले आणि पुरुष

महिलांना कागद लागत नाही, दिव्यांगांना लागतो. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असल्याचे शासकीय ओळखपत्र जवळ ठेवा, केंद्राचे यू.डी.आय.डी. कार्ड असल्यास तेही. मदतनीस पुरुष असला तरी त्याला मोफत तिकीट मिळते, पण एकालाच, आणि दिव्यांग व्यक्ती सोबत असतानाच. जाताना आजोबांना रुग्णालयात सोडून नातू एकटा परतला, तर त्याला परतीचे तिकीट काढावे लागेल.

पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मे २०२२ मधील घोषणेनुसार सरकारी बसमध्ये तिकीट नाही, आणि ही सवलत टाउन बसपुरती नाही. शाळेत जाणाऱ्या मुलांना मोफत बस पास मिळतो. त्यासाठी शाळेमार्फत अर्ज जातो, पालकांनी डेपोत हेलपाटे घालण्याची गरज नाही. शासकीय महाविद्यालये, पॉलिटेक्निक आणि आय.टी.आय.च्या विद्यार्थ्यांनाही पासची सोय आहे. मुलींच्या बाबतीत टाउन बसमध्ये पास विसरला तरी अडत नाही, मुलांचे अडते.

वयस्कर पुरुषांची स्थिती अवघड आहे. चेन्नईच्या शहर बसमध्ये ६० वर्षांवरील नागरिकांना महिन्याला १० मोफत टोकन मिळतात. नातेवाइकांकडून हे ऐकून तंजावूरमध्ये टोकन मागणारे आजोबा भेटतात, पण ती सोय चेन्नई महानगर परिवहन महामंडळाची आहे, आपल्या महामंडळाची नाही. येथे आजी मोफत जातात आणि शेजारी बसलेले आजोबा तिकीट काढतात. हे विषम आहे, आणि सोमवारच्या दिवशी तसे लेखी मांडायलाही हरकत नाही.

महाराष्ट्रातून येणाऱ्या नातेवाइकांना काय सांगावे?

महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एस.टी.च्या बसमध्ये महिलांना निम्मे तिकीट आहे, आणि ७५ वर्षांवरील नागरिकांचा प्रवास २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे. तेथे सवलत लांबच्या प्रवासालाही लागते आणि ज्येष्ठांना वयाचा पुरावा दाखवावा लागतो. त्यामुळे महाराष्ट्रातून आलेली मावशी तंजावूरच्या टाउन बसमध्ये आधार कार्ड काढून बसते आणि तिरुचीच्या बसमध्ये 'अर्धे तिकीट' मागते. दोन्ही ठिकाणी गैरसमज होतो. येथे टाउन बसमध्ये काहीही दाखवावे लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. तिरुचीच्या बसमध्ये सवलत नाही.

दुसऱ्या राज्यातल्या महिलेलाही टाउन बसमध्ये शून्य तिकीट मिळते, रहिवासी पुरावा मागितला जात नाही. कर्नाटकात तसे नाही. तेथील शक्ती योजना ११ जून २०२३ पासून आहे, पण ती कर्नाटकच्या रहिवासी महिलांसाठीच, आणि ओळखपत्र दाखवून. बेंगळूरुमार्गे येणाऱ्या नातेवाइकांना हे आधीच कळवा.

बस थांबली नाही, किंवा पैसे घेतले तर?

सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार म्हणजे थांब्यावर फक्त महिला उभ्या असतील तर बस पुढे जाऊन थांबते किंवा थांबतच नाही. अशा वेळी चिडून भांडण्यापेक्षा चार गोष्टी टिपून ठेवा: बसचा नंबर, मार्ग, थांब्याचे नाव आणि वेळ. बसच्या पाटीमागे धावू नका, नंबर मागच्या बाजूलाही असतो. टाउन बसमध्ये पैसे घेतले गेले असतील तर मिळालेले तिकीट हाच पुरावा, ते फेकू नका.

परिवहन महामंडळांचा तक्रार क्रमांक १४९ आहे. मुख्यमंत्र्यांच्या मदत केंद्राचा क्रमांक ११०० असून तेथे पेन्शन, पट्टा अशा इतर तक्रारीही घेतात. दोन्ही ठिकाणी तमिळमध्ये बोलणे सोपे जाईल. वयस्करांनी घरातल्या मुलाला किंवा नातीला शेजारी बसवून फोन लावावा आणि तक्रारीचा नोंदणी क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा. खासगी बस किंवा मिनी बसने जादा भाडे घेतले, तर ती तक्रार महामंडळाकडे चालत नाही. ती तंजावूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे, म्हणजे आर.टी.ओ.कडे, लेखी द्यावी लागते, आणि तिच्यासाठीही बसचा नंबर लागतोच.